वाचक विचारतात : श्रॉपशायरमध्ये जेवायचं कुठं आणि केव्हा?

वेल्सच्या सीमेला लागून असलेली श्रॉपशायर ही इंग्लंडमधली शेती-टेकड्यांची काउंटी. तिथल्या खाण्यापिण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आई-बाबा पुण्याहून येत आहेत. शनिवार, रविवार आणि सोमवार श्रूजबरी आणि लडलो बघायचा बेत आहे. गाडी नाही, रेल्वेनेच फिरणार. चांगली ठिकाणं सुचवा. — बर्मिंगहॅम

ठिकाणांच्या आधी वार बदला. ग्रामीण इंग्लंडमध्ये रविवार संध्याकाळ ते मंगळवार हा जेवणाचा दुष्काळ असतो. रविवारी दुपारच्या गर्दीनंतर चार-साडेचारला बहुतेक पबची किचनं बंद होतात, आणि सोमवार-मंगळवार अनेक रेस्टॉरंटांची सुट्टी असते. तुमच्या बेतात निम्मी जेवणं नेमकी याच वेळात येतात. शुक्रवार सकाळ ते रविवार दुपार असं केलंत, तर तेवढ्याच मुक्कामात दुप्पट पर्याय मिळतील.

शुक्रवारी बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनहून श्रूजबरीला तासाभरात पोचाल. दुपारचं जेवण मार्केट हॉलमध्ये घ्या. उंच घड्याळाचा मनोरा असलेली ही 1965 मधली विटांची इमारत बाहेरून कुणालाच आवडत नाही, पण आतल्या मंडईने देशातली आवडती मंडई म्हणून एकाहून जास्त वेळा पहिला नंबर पटकावला आहे. भाजी, चीज, मासे यांच्या गाळ्यांमध्येच छोटी खाण्याची ठिकाणं आहेत. बाराच्या ठोक्याला जा किंवा दीडनंतर, मधल्या वेळात बसायला जागा मिळत नाही. तीननंतर गाळे आवरायला लागतात. रविवार-सोमवार इथे जेवायला मिळेल असं धरून चालू नका.

तिथून चार पावलांवर ‘द स्क्वेअर’ आहे. 1596 च्या जुन्या बाजार-इमारतीत आता छोटं सिनेमागृह आणि कॅफे आहे, दुपारच्या कॉफीला उत्तम. समोर रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. 1756 मध्ये आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणाऱ्या मोहिमेत हाच होता. तो श्रॉपशायरचा, आणि श्रूजबरीचा खासदार. वडिलांना इतिहासाची आवड असेल तर कॉफीपेक्षा पुतळ्यापाशीच जास्त वेळ जाईल.

शनिवारी लडलो. श्रूजबरीहून रेल्वेने अर्धा तास. किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी उघड्यावरचा बाजार भरतो. दुपारच्या जेवणाला दोन दिशा आहेत, दोन्ही उताराच्या. किल्ल्याच्या खाली डिनममध्ये, टीम नदीच्या बंधाऱ्याजवळ ‘ग्रीन कॅफे’ आहे. ब्रॉड स्ट्रीट उतरून, वेशीखालून गेलं की लडफर्डच्या जुन्या पुलापलीकडे ‘चार्लटन आर्म्स’ आहे, गच्चीवरून नदी दिसते. दोन्हीकडे आधी टेबल राखून ठेवा. जेवणानंतर परतीचा चढ चांगलाच लागतो. गुडघे दुखत असतील तर जायला पायी आणि यायला टॅक्सी असं ठरवा. टॅक्सी मात्र आधी फोन करून सांगावी लागते, रस्त्यावर हात दाखवून मिळत नाही.

आणखी एक. लडलो हे जेमतेम दहा हजार वस्तीचं गाव. 2000 च्या सुमाराला इथे मिशेलिन तारा असलेली तीन रेस्टॉरंटं होती, त्यावर खूप लिहून आलं, आणि ते लेख अजून फिरत असतात. त्यातलं ‘हायबिस्कस’ 2007 मध्ये लंडनला गेलं आणि ‘मिस्टर अंडरहिल्स’ 2015 मध्ये बंद झालं. जुनी यादी घेऊन गावभर हिंडू नका. गावाची खरी श्रीमंती आज खाटीक, बेकरी, चीजची दुकानं आणि बाजारात आहे. सप्टेंबरमध्ये किल्ल्यात खाद्यमहोत्सव भरतो, तेव्हा मुक्कामाची खोली महिनोन्‌महिने आधी घ्यावी लागते.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही चालत नाही. खेड्यातल्या पबमध्ये चिप्सवरच भागवावं लागेल का? — लेस्टर

चिप्स म्हणजे सुरक्षित, हे गृहीतच आधी सोडा. पबमध्ये चिप्स बहुधा वनस्पती तेलात तळतात, पण त्याच तेलात मासे आणि कोळंबीही तळलेली असते. मिडलंड्समधल्या काही फिश-अँड-चिप्स दुकानांत तर गाईची चरबी वापरतात, तिला ‘ड्रिपिंग’ म्हणतात. दोन प्रश्न विचारा : कशात तळता, आणि त्याच फ्रायरमध्ये मासे पडतात का? ‘शाकाहारी आहे का?’ एवढंच विचारलंत तर ‘हो’ असं उत्तर येईल, आणि देणारा खोटं बोलत नसेल. त्याच्या लेखी बटाटा शाकाहारीच आहे.

मेन्यूवरचं ‘व्ही’ हे अक्षर मांस-मासे नाहीत एवढंच सांगतं, अंडं त्यात चालतं. अंडं टाळणाऱ्याने ‘व्हीगन’ची खूण पाहावी, किंवा ॲलर्जीचा तक्ता मागावा. अंडं, दूध, शेंगदाणे, तीळ, मोहरी अशा चौदा घटकांची माहिती देणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे अंड्याबाबत तक्ता तोंडी उत्तरापेक्षा भरवशाचा. फक्त ‘मला ॲलर्जी आहे’ असं खोटं सांगू नका. मग किचनला भांडी, ओटा, सगळं वेगळं करावं लागतं, आणि गर्दीच्या वेळी ते सरळ ‘जमणार नाही’ म्हणतात. ‘आम्ही अंडं खात नाही’ हे पुरेसं आहे.

फसगत होते ती चरबी, रस्सा आणि चीज या तीन जागी. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी चिकनच्या हाडांचं असू शकतं. भाजलेले बटाटे बदकाच्या किंवा गाईच्या चरबीत घोळवलेले असतात. ‘पाय’ या आत सारण भरून भाजलेल्या पदार्थाच्या आवरणात डुकराची चरबी, वाफवलेल्या पुडिंगमध्ये ‘सूएट’ म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय (दूध फाडणाऱ्या घटकाशिवाय) बनतच नाही, म्हणून रिसोटो आणि पेस्तो विचारून घ्या. चीज-टोस्टवर आणि ‘वेल्श रेअरबिट’मध्ये वूस्टर सॉस असतो, त्यात अँकोव्ही मासे. पॅनाकोटा आणि बऱ्याच थंड चीजकेकमध्ये जिलेटिन.

मग खायचं काय? दुपारी सालासकट भाजलेला जॅकेट पोटॅटो, त्यावर बीन्स आणि चेडर. रेनेटचं बंधन कडक असेल तर चेडर वगळा किंवा विचारून घ्या. ‘प्लाउमन्स’मध्ये ब्रेड, चीज, सफरचंद आणि गोडसर काळं पिकल येतं. हॅमचा तुकडा नको असेल तर आधीच सांगा. गोडात फळांचा क्रम्बल मागा. मैदा, लोणी, साखर आणि फळं, अंड्याचं काम नसतं. सोबतचं कस्टर्ड ताजं शिजवलेलं असेल तर त्यात अंड्याचा बलक असतो, पावडरीचं असेल तर नसतो. ही बिनअंड्याची पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने 1837 मध्ये काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे. पब साधा असेल तर कस्टर्ड पावडरीचंच असण्याची शक्यता जास्त, महागड्या ठिकाणी नेमकं उलट.

‘इंडियन’ रेस्टॉरंट जवळपास प्रत्येक गावात सापडेल. बहुतेक सिल्हेटी कुटुंबांची असतात. डाळ, भाजी नक्की मिळेल, पण नानच्या पिठात अंडं आहे का हे तिथेही विचारा.

बारा जणांचा गट, त्यात चार मुलं. रविवारी गाड्या घेऊन जाऊन खेड्यातल्या पबमध्ये ‘संडे रोस्ट’, म्हणजे रविवारचं भाजलेल्या मांसाचं जेवण, खायचं आहे. कसं जमवावं? — वुल्व्हरहॅम्प्टन

दोन-तीन आठवडे आधी फोन करा. संगणकावरचं बुकिंग बहुधा सहा-आठ जणांनंतर चालत नाही. दोन टेबलं वेगवेगळ्या नावांनी राखू नका. आयत्या वेळी ती जोडून मिळत नाहीत आणि किचनचं वेळेचं गणितही बिघडतं. मोठ्या गटाकडून माणशी अनामत किंवा कार्डाचा नंबर घेतात. एक-दोन दिवस आधी कळवलं नाही तर न आलेल्यांचेही पैसे कापले जातात, म्हणून नक्की आकडा वेळेत सांगा.

वेळ बारा किंवा साडेबाराची मागा. रोस्ट सकाळीच भाजून तयार असतं आणि दिवसभर संपत जातं. अडीचनंतर बीफ संपलेलं, बटाटे मऊ पडलेले आणि यॉर्कशायर पुडिंग (गोड नव्हे, पिठाचा फुगीर पदार्थ) चिवट झालेलं, असा अनुभव येतो. ते पुडिंग फुगतं तेव्हाच खाण्यात मजा असते, आणि त्यात अंडं-दूध दोन्ही असतं. शाकाहाऱ्यांसाठी नट रोस्ट असतो, पण मोजक्याच ताटांपुरता, म्हणून किती हवेत ते फोनवरच सांगून ठेवा. बटाटे आणि ग्रेव्हीही वेगळी लागेल, हे त्याच वेळी सांगा. ताटावर ओतलेली ग्रेव्ही परत काढता येत नाही. मुलांसाठी लहान ताट बहुतेक ठिकाणी असतं. मोठ्यांचं ताट साधारण 18 ते 25 पौंडांत येतं.

मार्चमधला ‘मदरिंग संडे’ टाळा. इथला मातृदिन मे महिन्यात नसतो, ईस्टरच्या तीन आठवडे आधी येतो, आणि त्या दिवशी टेबल मिळणं जवळजवळ अशक्य.

नेव्हिगेशनमध्ये नुसता पोस्टकोड टाकू नका. खेड्यात एक पोस्टकोड मैलभर पसरलेला असतो आणि तुम्ही कुणाच्या तरी गोठ्यापाशी पोचता. पबचं नाव टाका आणि नकाशा आधी उतरवून ठेवा. दक्षिणेकडच्या टेकड्यांत मोबाइलला रेंज नसते, क्वचित कार्डाचं यंत्रही चालत नाही. खिशात थोडी रोकड ठेवा.

बिशप्स कासल गावचा ‘थ्री टन्स’ पब अनेकांना माहीत असतो. तिथल्या मद्यनिर्मितीचा परवाना 1642 चा सांगितला जातो. जाच, पण चालकाला सोडून बाकीच्यांनी बिअरची चव घ्यावी.

पुण्याच्या श्रूजबेरी बिस्किटांचं मूळ गाव म्हणून श्रूजबरीला गेलो, पण ती बिस्किटं कुठंच दिसली नाहीत! — रेडिंग

कारण तिथे ती ‘श्रूजबरी केक’ नावाने मिळतात आणि दिसायला वेगळी असतात. चपटी, कडक, वर लिंबाच्या सालीचा कीस, कधी बेदाणे, कधी शहाजिरं. गावातल्या चहाच्या दुकानांत, बेकऱ्यांत विचारून पाहा. एकाच दुकानापुढे रांग लागावी असा प्रकार तिथे नाही. पुण्यात कॅम्पातली कयानी बेकरी 1955 पासून जे विकते ते लोण्याने भरलेलं, तोंडात विरघळणारं बिस्किट. नाव एक, पण आज पदार्थ दोन. जुन्या इंग्रजी कृतींत जायफळ आणि गुलाबपाणीही सापडतं.

घरी इंग्रजी पद्धतीने करायची तर 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम लोणी, 100 ग्रॅम साखर, एक बलक आणि एका लिंबाच्या सालीचा कीस घ्या. बलक नको असेल तर दीड-दोन चमचे दूध. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून 180 अंशांवर दहा-बारा मिनिटं, कडा नुकत्याच सोनेरी होईपर्यंत. बिस्किटं पसरली तर लोणी फार मऊ होतं. कापलेल्या चकत्या भाजण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

लाँग मिंडच्या टेकडीवर चढायला जाणार आहोत. वर खायला मिळतं का? — कॉव्हेंट्री

वर काही नाही, मेंढ्या आणि वारा. खाली कार्डिंग मिल दरीत नॅशनल ट्रस्टचं चहापानगृह आहे. चर्च स्ट्रेटन स्टेशनपासून सामान्य चालीने अर्धा तास. गरम पदार्थ दुपारीच संपतात, म्हणून आधी जेवा, मग चढा. उतरल्यावर चहा आणि स्कोन. स्कोनवर चकाकी असेल तर अंड्याचा हात फिरवलेला असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये टेकडीवर ‘विम्बेरी’ पिकते. जांभळासारखी जीभ रंगवणारी, पण वाटाण्याएवढी. तिचा ‘पाय’ गावात कुठे मिळाला तर सोडू नका, फक्त आवरणात चरबी आहे का ते विचारा. विकतची मोठी ब्लूबेरी वापरलेली असेल तर गर आतून पांढरट-हिरवट दिसतो, विम्बेरी आतपर्यंत जांभळी असते.

लडलोजवळचं फार्मशॉप खरंच जाण्यासारखं आहे का? — मिल्टन कीन्स

गाडी असेल तर हो. ए49 वर ब्रॉमफील्डला, गावापासून तीन-एक किलोमीटरवर. शेजारच्या ‘लडलो किचन’मध्ये न्याहारी आणि दुपारचं जेवण मिळतं. रात्रीच्या जेवणाच्या आशेने जाऊ नका.

तिथे ‘फिजेट पाय’ दिसेल : सफरचंद, कांदा आणि खारवलेलं डुकराचं मांस. नावावरून गोड समजून शाकाहारी लोक तो उचलतात. नारिंगी रंगाचं, निळ्या रेघांचं ‘श्रॉपशायर ब्लू’ चीज घ्यायचं तर जरूर घ्या, पण ते इथलं नाही. 1970 च्या दशकात ते स्कॉटलंडमध्ये सुरू झालं आणि आता लेस्टरशायर-नॉटिंगहॅमशायरमध्ये बनतं. रेनेट प्राण्याचं की वनस्पतीजन्य, हे उत्पादकानुसार बदलतं. वेष्टनावर वाचा.

टिप किती द्यावी? आणि दारावरचा हिरवा-काळा आकड्याचा स्टिकर कसला? — हॅरो

बिलात दहा-साडेबारा टक्के ‘सर्व्हिस’ आधीच लावलेली असेल तर वर काही देऊ नका. ती ऐच्छिक असते, सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येते. नसेल तर टेबलावर सेवा देणाऱ्या ठिकाणी दहा टक्के रीत आहे. पबमध्ये काउंटरवर टेबल नंबर सांगून स्वतः ऑर्डर दिलीत तर टिपची अपेक्षा नसते. ऑक्टोबर 2024 पासून टिपची पूर्ण रक्कम कामगारांना देणं मालकांवर बंधनकारक आहे.

स्टिकर स्वच्छतेच्या तपासणीचा, शून्य ते पाच. वेल्समध्ये तो लावणं सक्तीचं, इंग्लंडमध्ये नाही. म्हणजे श्रॉपशायरमध्ये स्टिकर दिसलाच नाही, तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर त्या जागेचा आकडा पाहून मगच आत जा. हा आकडा स्वच्छतेचा आहे, चवीचा नाही. साधं पाणी मागितलं तर दारूचा परवाना असलेल्या जागेने ते फुकट द्यावं लागतं, फक्त ‘नळाचं’ असं सांगा, नाहीतर बाटली येते.