वाचकांचे प्रश्न : डीएसएलआर बॉडी आणि लेन्सची निवड

प्रश्न : मी आजवर मोबाइलवर गडकिल्ल्यांची आणि घरच्या समारंभांची छायाचित्रे काढत आलो आहे. येत्या हिवाळ्यात भिगवणला जाऊन पक्ष्यांची छायाचित्रे काढावीत असा विचार आहे. साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानदार नवी, प्राथमिक श्रेणीची डीएसएलआर बॉडी आणि सोबत दोन लेन्सचा संच सुचवतात. मित्र म्हणतात, डीएसएलआरचे दिवस संपले, मिररलेसच घे. कोणाचे ऐकावे?
– एक शिक्षक, सातारा

उत्तर : डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेले चित्र आरशावरून व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, जाते; मिररलेसमध्ये हा आरसा नसतो. मित्रांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीइतका सेन्सर असलेल्या) मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याच्या कड्या, आणले आणि २०२० नंतर दोघींकडूनही नवी डीएसएलआर बॉडी आलेली नाही. मात्र यातून काढायचा निष्कर्ष आपल्या बजेटवर अवलंबून आहे. आपल्या रकमेत नवा मिररलेस घेतला, तर बॉडी आणि तिच्यासोबत येणारी किट लेन्स यांतच बहुतेक पैसे संपतील आणि पक्ष्यांसाठी लागणारी, दूरचे जवळ दाखवणारी टेली लेन्स पुढच्या वर्षावर जाईल. उलट, अनेक जाणकार हौशी मंडळी मिररलेसकडे वळल्यामुळे त्यांच्या उत्तम स्थितीतल्या डीएसएलआर बॉडी आणि लेन्स विक्रीला येत आहेत. माझ्या मते आपण वापरलेली मध्यम श्रेणीची बॉडी घ्यावी आणि निम्म्याहून अधिक रक्कम लेन्ससाठी राखून ठेवावी.

मध्यम श्रेणी म्हणजे निकॉन डी७२०० किंवा कॅनन ८०डी यांसारख्या बॉडी. पहिली २०१५ सालची, दुसरी २०१६ सालची. दोन्हींचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे आणि मोठ्या प्रिंटसाठीही तो पुरतो. नव्या प्राथमिक बॉडीचा सेन्सर यांच्याहून फारसा वेगळा नसतो, फरक पडतो तो हाताळणीत. मध्यम श्रेणीत शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाश आत घेणारे छिद्र) यांसाठी दोन स्वतंत्र डायल मिळतात, व्ह्यूफाइंडरमध्ये खरा काचेचा प्रिझम असल्यामुळे चित्र मोठे आणि उजळ दिसते, आणि एखादी लेन्स सातत्याने थोडी पुढे किंवा मागे फोकस करत असेल, तर ती चूक बॉडीतूनच सुधारता येते. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना मेनूत शिरून सेटिंग बदलायला वेळ नसतो, हे भिगवणच्या पहिल्याच फेरीत आपल्या लक्षात येईल.

आता लेन्स. मिमीचा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते; एफचा आकडा जितका लहान, तितके अ‍ॅपर्चर मोठे उघडते. गडावरच्या दृश्यांसाठी १८-५५ मिमीची साधी किट लेन्स एफ ८ वर वापरली की पुरे. तिला उगाच नावे ठेवली जातात. तिची खरी अडचण समारंभात होते, कारण ५५ मिमीवर तिचे अ‍ॅपर्चर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. त्याच ठिकाणी ५० मिमी एफ १.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स जवळपास दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे मंगल कार्यालयाच्या मंद दिव्यांत जिथे किट लेन्सने शटर १/१५ सेकंदावर येऊन चेहरे हलतात, तिथे ही लेन्स १/१२५ सहज देते. एपीएस-सी सेन्सरवर (तो फुल फ्रेमहून लहान असतो आणि वरच्या दोन्ही बॉडींत तोच आहे) ५० मिमीचे दृश्यक्षेत्र सुमारे ७५ ते ८० मिमीइतके अरुंद होते. ते व्यक्तिचित्राला उत्तम, पण घरातल्या छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते. घरगुती छायाचित्रेच जास्त काढणार असाल, तर निकॉनची ३५ मिमी एफ १.८ अधिक उपयोगी पडेल.

भिगवणसाठी ३०० मिमी ही किमान गरज समजावी. उजनीच्या बॅकवॉटरमध्ये स्थानिक नावाडी आपल्याला रोहित पक्ष्यांच्या थव्यापर्यंत नेतात, मात्र फार जवळ गेल्यास थवा उठतो आणि आपल्यामुळे पक्ष्यांचे खाणे थांबते. म्हणून नावाड्याला आणखी पुढे जाण्याचा आग्रह न करता लेन्सची लांबी वापरावी. होडीत ट्रायपॉड निरुपयोगी असतो, कारण होडी हलली की तोही हलतो. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा आपल्या हाताचे हलणे सावरते, पंखांची फडफड थांबवत नाही. त्यासाठी शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढल्याची खंत करू नये. १५०-६०० मिमीची सिग्मा किंवा टॅमरॉनची लेन्स मोहात पाडेल, पण तिचे वजन दोन किलोच्या आसपास असते. आधी ३०० वर एक हिवाळा काढावा.

निकॉन घेणार असाल, तर एक सावधगिरी बाळगावी. त्यांच्या ‘एएफ-पी’ नावाच्या नव्या लेन्स डी७०००, डी९० यांसारख्या जुन्या बॉडींवर बसतात, पण फोकसच करत नाहीत, आणि डी७२०० वरही त्यांची काही कार्ये मर्यादित राहतात. तेव्हा ७०-३०० घेताना ‘एएफ-एस’ अक्षरे पाहूनच घ्यावी.

वापरलेली बॉडी पाहायला जाताना स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे. निकॉनच्या ताज्या मूळ फाइलमध्ये शटर किती वेळा उघडले हा आकडा नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये तो फाइलमध्ये मिळत नाही, वेगळे सॉफ्टवेअर लागते. डी७२०० चे शटर १,५०,००० वेळांसाठी तपासलेले आहे, त्यामुळे तीस-चाळीस हजारांचा आकडा चिंतेचा नाही. नंतर एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून मोठे करून पाहावे. गोल, फिकट काळे ठिपके म्हणजे धूळ. ती साफ होते. रेषा किंवा ओरखडा दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

प्रश्न : माझ्या बाबांकडे फिल्म कॅमेऱ्याच्या काळातल्या निकॉनच्या दोन ऑटोफोकस लेन्स आहेत : ५० मिमी आणि ७०-२१० मिमी. मला भावाने डी५६०० दिला आहे. त्यावर या लेन्स चालतील का?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : बसतील, कारण निकॉनने १९५९ साली आणलेला एफ माउंट डीएसएलआरपर्यंत कायम ठेवला. मात्र त्या काळातल्या बहुतेक ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसे. बॉडीतली मोटर एका छोट्या दांड्याने लेन्स फिरवी. डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडींमध्ये ही मोटर नाही, म्हणून तुम्हाला फोकस हाताने करावा लागेल. प्रकाशमापन व्यवस्थित चालेल, आणि फोकस बरोबर जुळला की व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर होईल. फुले, चेहरे, देवळाचे कोरीवकाम यांसाठी हे अगदी जमण्यासारखे आहे. लेन्सवरची अ‍ॅपर्चरची कडी सर्वांत मोठ्या आकड्यावर ठेवून लॉक करावी, नाहीतर कॅमेरा चूक दाखवून काम थांबवेल. डी७२०० सारख्या बॉडीत मोटर असल्याने तिथे याच लेन्स स्वतः फोकस करतील.

त्याआधी लेन्स आतून पाहा. कोकणातल्या पावसाळ्यांतून गेलेल्या लेन्सबाबत तर हे टाळूच नये. दोन्ही बाजूंची झाकणे काढा, मागून तिरका टॉर्च मारा आणि समोरून पाहा. धुळीचे दोन-चार कण असले तरी काही बिघडत नाही. पण कडेपासून आत शिरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले पांढरे तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी. ती लवकर साफ करून घेतली तर लेन्स वाचते. उशीर झाला तर काचेवरचा लेप खाऊन ती कायमची खूण ठेवते. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट झाली आहेत का, तेही पाहा, कारण तेलकट पाती हळू मिटतात आणि छायाचित्र जास्त उजळ येते.

ठेवायला चामड्याची पिशवी नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढे पुरते. मापक ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, पण त्याने ओलावा फारसा जात नाही आणि पिठाची धूळ मात्र कडीत शिरते.

प्रश्न : ताडोब्याला वारंवार जाणे होते. माझ्याकडे कॅननची एपीएस-सी बॉडी, ५५-२५० मिमी आणि १८-५५ मिमी लेन्स आहेत. आता फुल फ्रेम बॉडी घ्यावी का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी लेन्स बदलावी. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरवर २५० मिमीचे दृश्यक्षेत्र फुल फ्रेमच्या ४०० मिमीइतके असते. फुल फ्रेमवर तितक्याच लांबीच्या लेन्सचे दृश्यक्षेत्र २५० मिमीचेच राहील, आणि जिप्सीतून वाघ तितका जवळ दिसणे नशिबावर असते. फुल फ्रेमचा खरा लाभ पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अपुऱ्या प्रकाशात मिळतो, म्हणून त्याचा विचार ४०० मिमीच्या लेन्सनंतर करावा. शिवाय आपल्या दोन्ही लेन्स ईएफ-एस प्रकारच्या, म्हणजे एपीएस-सी बॉडींसाठीच बनवलेल्या, आहेत आणि त्या कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. पुढची लेन्स ईएफ प्रकारची घेतली, तर ती आजच्या बॉडीवर चालेल, उद्याच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर चालेल, आणि अ‍ॅडॉप्टर लावून कॅननच्या मिररलेसवरही ऑटोफोकससह चालेल.