क्लिव्हडनला एक रात्र राहावं, की दिवसा बाग बघून परत यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: आई-बाबा जूनमध्ये पहिल्यांदाच तुमच्याकडे स्लाऊला येताहेत, त्यांच्या लग्नाला 40 वर्षं होताहेत, म्हणून थेम्सकाठच्या क्लिव्हडन हाऊस या जुन्या हवेलीतल्या हॉटेलात एक रात्र ठेवायचं मनात आहे. पण बाग तर नॅशनल ट्रस्टच्या (जुन्या वास्तू आणि बागा जपणारी ब्रिटिश संस्था) तिकिटावर दिवसाही बघता येते. मग एका रात्रीपायी एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?

माझं उत्तर: हो, आहे. एकच रात्र ठेवा, पण ती आठवड्याच्या मधल्या वारी ठेवा आणि त्या दिवसाला दुसरं काहीही जोडू नका. विंडसर नाही, बिस्टर व्हिलेज नाही, लेगोलँड तर नाहीच. कारण तिथे तुम्ही पैसे मोजता ते खोलीचे नसतात. गादी, टॉवेल, संगमरवरी बाथरूम हे लंडनमधल्या कुठल्याही चांगल्या हॉटेलात मिळतं. क्लिव्हडनला तुम्ही संध्याकाळी साधारण पाचपासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतचे तास विकत घेता.

हे कसं ते सांगतो. हे घर आणि त्याभोवतीची 376 एकर जागा नॅशनल ट्रस्टच्या मालकीची. तेव्हाचे मालक लॉर्ड अॅस्टर यांनी 1942 मध्ये ती ट्रस्टला देऊन टाकली. ट्रस्ट बाग सांभाळतो आणि लोकांसाठी खुली ठेवतो. घर भाडेपट्ट्यावर दिलेलं आहे आणि 1980च्या दशकापासून तिथे हॉटेल चालतं. (त्याआधी 1969 ते 1983 तिथे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची मुलं राहून शिकत होती.) त्यामुळे दिवसा, विशेषतः शनिवार-रविवारी, बागेत चांगलीच गर्दी असते. बाबागाड्या, कुत्री, पिकनिकच्या चादरी, सगळं असतं आणि छानच वाटतं. मग बाग बंद व्हायची वेळ होते, गाड्या एकेक करून निघतात आणि उरतात ती फक्त हॉटेलात उतरलेली मंडळी. ती सगळी एकाच वेळी बाहेर येत नाहीत. कुणी स्पामध्ये, कुणी जेवणासाठी तयार होतंय. जूनमध्ये उजेड नऊ-सव्वानऊपर्यंत टिकतो. म्हणजे जवळजवळ चार तास ती अख्खी बाग तुमच्या आई-बाबांच्या वाट्याला येते. दिवसाच्या तिकिटात हे कधीच मिळणार नाही.

त्या वेळात सगळ्यात आधी त्यांना घराच्या दक्षिणेकडच्या टेरेसवर न्या. हे घर दोनदा जळलेलं आहे, 1795 मध्ये आणि परत 1849 मध्ये. आज दिसतं ते तिसरं, 1851च्या सुमाराचं, चार्ल्स बॅरीने सदरलंडच्या ड्यूकसाठी बांधलेलं. लंडनची पार्लमेंटची इमारत ज्याने उभी केली, तोच बॅरी. पण खालचा कमानींचा विटांचा टेरेस मात्र मूळचा, सतराव्या शतकातला. बकिंगहॅमच्या दुसऱ्या ड्यूकने 1666 मध्ये ही जागा घेतली तेव्हाच्या बांधकामातला हा भाग दोन्ही आगींतून वाचला. टेरेसवर बागेकडे पाठ करून वर बघितलंत तर छताच्या खालच्या पट्टीवर घराला वळसा घालून मोठ्या अक्षरांत लॅटिन मजकूर कोरलेला दिसेल. तो लिहिला ग्लॅडस्टनने, जो पुढे चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. परत वळलात की समोर त्रिकोणी वाफ्यांची भलीमोठी मांडणी, त्यापलीकडे झाडी आणि झाडीतून वळत गेलेली थेम्स. घर नदीपासून बरंच उंच, चुनखडीच्या कड्यावर आहे, म्हणून नजर थेट लांबवर जाते.

आता टेरेसवरून खाली उतरा आणि दगडी कठड्यापाशी थांबा. हा कठडा रोमच्या व्हिला बोर्गेझेचा. विल्यम वॉल्डॉर्फ अॅस्टर या अमेरिकन धनाढ्याने 1893 मध्ये क्लिव्हडन घेतलं आणि 1896 मध्ये हा कठडा, त्यावरचे गरुड आणि कारंजी यांच्यासकट, इटलीहून उचलून इथे आणवला. यात सगळ्यांत बघण्यासारखी गोष्ट सेंटीमीटरभर लांबीची आहे. 2004 मध्ये ट्रस्टच्या एका स्वयंसेवकाला दगड साफ करताना फटींमध्ये बारीक, लांबुडक्या शंखाच्या गोगलगायी सापडल्या. ही जात भूमध्य समुद्राकडची. कठड्याबरोबर रोमहून आली असणार आणि शंभरहून अधिक वर्षं कुणाच्या लक्षात न येता इथेच नांदत राहिली, असं मानतात. पाऊस पडून गेलेला असेल, दगड ओला असेल, तर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून सांध्यांमध्ये बघा. मला दिसल्या, गव्हाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, दगडाच्याच रंगाच्या. माझ्या सासूबाईंना क्लिव्हडनमधलं जे काही आवडलं, त्यात या गोगलगायींचा नंबर पहिला लागला. दिवसा तिथे पाच मिनिटं वाकून उभं राहायला गेलात तर मागे फोटोसाठी रांग लागते.

आत गेल्यावर पहिली खोली म्हणजे ग्रेट हॉल. लाकडाने मढवलेल्या भिंती, फ्रान्सहून आणलेली सोळाव्या शतकातली दगडी फायरप्लेस आणि तिच्या बाजूला नॅन्सी अॅस्टरचं जॉन सिंगर सार्जंटने रंगवलेलं चित्र. या बाईंबद्दल आई-बाबांना आधी थोडं सांगून ठेवा, म्हणजे हॉलमध्ये बसायला मजा येईल. व्हर्जिनियाहून आलेली अमेरिकन. 1906 मध्ये कठडा आणवणाऱ्या विल्यमच्या मुलाशी, वॉल्डॉर्फ अॅस्टरशी लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी हे घर लग्नाची भेट म्हणून दिलं. 1919 मध्ये ती प्लिमथमधून निवडून आली आणि ब्रिटिश संसदेत प्रत्यक्ष जागेवर बसलेली पहिली स्त्री ठरली. (तिच्या आधी 1918 मध्ये कॉन्स्टन्स मार्किएव्हिच निवडून आल्या होत्या, पण आयरिश राष्ट्रवादी असल्यामुळे त्यांनी जागा घेतली नाही.) चर्चिल, बर्नार्ड शॉ, चार्ली चॅप्लिन हे सगळे या घरात पाहुणे म्हणून येऊन गेले. तीसच्या दशकात मात्र इथे जमणाऱ्या मंडळींवर हिटलरशी जुळवून घेण्याचा पुरस्कार केल्याचा ठपका आला आणि तो घराच्या नावाला कायमचा चिकटला. हेही सांगा. चांगलं-वाईट दोन्ही कळलं तरच त्या भिंतींना अर्थ येतो.

जिन्यावरून घाईने चढू नका. कठड्याच्या खांबांवर लाकडात कोरलेल्या माणसांच्या आकृत्या आहेत, या घराच्या इतिहासातली पात्रं. डोकं वर केलंत तर छतावर सदरलंडच्या ड्यूकच्या मुलांना चार ऋतूंच्या रूपात रंगवलेलं दिसेल. लिफ्टने गेलं की हे सगळं हुकतं, म्हणून गुडघे साथ देत असतील तर निदान एकदा तरी पायी चढवा. आणि फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची प्रेयसी मादाम द पॉम्पादूर हिच्या काळातल्या नक्षीकामाची डायनिंग रूम आहे, पॅरिसजवळच्या आस्निएरच्या शातोमधून, म्हणजे हवेलीतून, काढून आणलेली. तिथे बहुधा खासगी कार्यक्रम असतात, पण रिकामी असेल तर नुसतं विचारलं की दाखवतात. आम्हाला दाखवायला आलेल्या मुलाने स्वतःहून दिवे लावले, दरवाजा ओढून घेतला आणि म्हणाला, सावकाश बघा. तिथला बहुतेक स्टाफ असाच वागतो, आणि माझ्या लेखी खर्चातला मोठा भाग या वागण्याने वसूल होतो.

पोहण्याचा तलाव हा वेगळाच विषय. भिंतींनी वेढलेल्या बागेतला उघड्यावरचा तलाव तोच, जिथे जुलै 1961 मध्ये युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो आणि 19 वर्षांची क्रिस्टीन कीलर यांची गाठ पडली. त्यातून पुढे जे प्रेमप्रकरण झालं त्याने 1963 मध्ये प्रोफ्युमोंना राजीनामा द्यावा लागला आणि पंतप्रधान मॅकमिलन यांचं सरकार हादरलं. ते पाणी गरम ठेवलेलं असतं. पोहायचं नसलं तरी कडेला बसून चहा घ्यायला हरकत नाही. बाबांना राजकारणाच्या गोष्टी आवडत असतील तर हा किस्सा तिथेच बसून सांगा.

तशीच बकिंगहॅमच्या ड्यूकची गोष्ट. श्रूजबरीच्या काउंटेसवर त्याचं मन होतं. 1668 मध्ये द्वंद्वात त्याने तिच्या नवऱ्याला जीवघेणी जखम केली. घराजवळच्या हिरवळीत तलवारीचा आकार आणि ते साल आजही आखलेलं आहे. पुष्कळ जण समजतात की लढत तिथेच झाली. ती झाली लंडनजवळ बार्न एल्म्सला. आणि 1 ऑगस्ट 1740 ला ‘रूल, ब्रिटानिया’ हे ब्रिटिशांचं देशभक्तिपर गीत पहिल्यांदा गायलं गेलं ते इथेच, तेव्हा भाड्याने राहणाऱ्या युवराज फ्रेडरिकच्या समारंभात. मेगन मार्कल 2018 मध्ये लग्नाच्या आदल्या रात्री आईबरोबर इथेच उतरली होती. आई-बाबांना बहुधा तेवढंच आधीपासून माहीत असेल.

आता पैशांचं. दोघांच्या खोलीला नाश्त्यासकट 500 पौंडांच्या वर धरून चला, सुट्टीच्या दिवसांत आणखी वर. शुक्रवार-शनिवारी दर चढतो आणि बऱ्याचदा लग्नाची पार्टी असते, म्हणून मधला वार. सगळ्यात महागडी खोली घेऊ नका. मोठा सुईट घेतला की माणूस पैसे वसूल करायला खोलीतच बसून राहतो, आणि इथे खोलीत बसणं म्हणजे नुकसान. मुख्य इमारतीतली सर्वांत साधी खोली मागा. बुकिंग करताना फोनवर बोला: लग्नाचा 40वा वाढदिवस आहे, आईंना जिने जमत नाहीत, असं काही असेल तर ते स्पष्ट सांगा. ईमेलपेक्षा फोनचा उपयोग जास्त होतो, कारण खोली वाटणारी माणसं तिथेच बसलेली असतात.

जेवण. रात्रीचं जेवण महाग आहे, आणि आई-बाबा शाकाहारी असतील तर मी ते टाळा म्हणेन. शाकाहारी पदार्थ करतात, मन लावून करतात, पण ताटात बीट, मशरूम, चीज यांच्यापलीकडे आपल्या माणसांना आवडेल असं फार येत नाही आणि दोन-अडीच तास टेबलाशी जातात. तेच तुमचे उजेडाचे तास! त्यापेक्षा दुपारी ग्रेट हॉलमधला आफ्टरनून टी घ्या. सँडविच, स्कोन, क्लॉटेड क्रीम, जॅम, केक, आणि चहा हवा तितका. अंडं, जिलेटिन चालत नसेल तर आदल्या दिवशी कळवा, वेगळा थाळा करतात. तो चहा इतका भरपूर असतो की रात्री सूप आणि ब्रेडवर भागतं. तेही खोलीत मागवता येतं. कपड्यांची चिंता नको. आईंनी नेहमीची चांगली साडी नेसावी, वर शाल ठेवावी. टेरेसवर जूनमध्येही वारा बोचतो. बाबांना फक्त बूट घालायला लावा, कारण बाहेर सगळीकडे रेव आहे आणि चपलेत खडे जातात.

बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असतो का ते बघून घ्या. असेल तर वर टिप द्यायची गरज नाही.

कुणी जाऊ नये हेही सांगतो. ज्यांना एका दिवसात चार ठिकाणं बघितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी दिवसाचं तिकीट काढावं, चहाचं वेगळं बुकिंग करावं आणि संध्याकाळी परतावं. लहान मुलं बरोबर असतील तरीही तेच. ती शांत हॉलमध्ये कंटाळतात आणि तुमचं लक्ष त्यांच्यात राहतं. डिसेंबर-जानेवारीत घर सुंदर सजवलेलं असतं, पण चार वाजता अंधार पडतो आणि मी सांगतोय ते मोकळे तास हातातून जातात. त्या दिवसांत जायचं तर शेकोटीसाठी जा.

तुम्ही स्लाऊलाच आहात म्हणजे टॅक्सी पंधरा-वीस मिनिटांची. लंडनहून येणाऱ्याला एलिझाबेथ लाइनने टॅप्लो स्टेशन, तिथून टॅक्सी. खोली मिळायच्या वेळेची वाट बघू नका, बॅगा दुपारीच पोर्टरकडे द्या आणि चहाला बसा. दुसऱ्या दिवशी सहाच्या आसपास उठता आलं तर झाडीतून पायवाटेने खाली नदीवर जा. उतार चांगलाच आहे, परत चढताना बाबांना मध्ये बाकावर बसवा. आल्यावर नाश्ता निवांत करा, अंड्याशिवाय हवं असेल तर पॉरिज आणि फळं उत्तम असतात. खोली सोडल्यावरही बॅगा तिथेच ठेवून बागेत थांबता येतं. तेवढ्यात अष्टकोनी मंदिरासारखी छोटी वास्तू बघून घ्या, नॅन्सी आणि वॉल्डॉर्फ अॅस्टर यांच्या अस्थी तिथे आहेत. शिवाय पहिल्या महायुद्धात इथे कॅनडाच्या रेड क्रॉसचं इस्पितळ होतं, त्यात दगावलेल्या सैनिकांच्या चाळीसेक कबरी खाली एका छोट्या बागेत आहेत. मुख्य गर्दी अकरानंतर वाढते, तोवर हे दोन्ही होतं.

तारीख ठरली की आधी फोन करा. जूनमधले मधले वार लवकर भरतात.