तालीम बंद कर, वाद्यवृंद बंद करू नकोस

कोल्हापूर,
जुलै 2021

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री उशिरा आलेला मेसेज सकाळी वाचला. ‘काका, रविवारची ऑनलाइन तालीम बंद करू का? कुणालाच मजा येत नाही.’ कोरोनामुळे भेटता येत नाही म्हणून तालीम ऑनलाइन, आणि ती जमत नसेल तर कर की बंद. पण त्याबरोबर वाद्यवृंदही गुंडाळायचा विचार तुझ्या डोक्यात घोळतोय, असं मला त्या मेसेजमधून वाटलं. म्हणून हे पत्र.

आधी हिशेब समजून घे, म्हणजे उगाच कुणाच्या तयारीला दोष देणार नाहीस. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. शाळेच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतला झांजवाला माझ्यापासून दहा मीटरवर असायचा, म्हणजे त्याची झांज मला 29 मिलिसेकंद उशिरा ऐकू यायची. एवढा उशीर कान पचवतो. व्हिडिओ कॉलवर हाच उशीर दीडशे-दोनशेच्या घरात सहज जातो, आणि तोही दर क्षणाला कमीजास्त होतो. आता मिनिटाला 120 मात्रांची लय धर. एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. दोनशेचा उशीर म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा गेली! तू व्हायोलिनवाल्यांची वाट बघतेस, ते तुझी बघतात, आणि सगळे मिळून लय खाली बसवता. यात कुणीच बेताल नाही.

इंटरनेटवरून एकत्र वाजवण्यासाठी जॅम्युलससारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यांत उशीर बराच कमी होतो, हे मलाही माझ्या भाच्यानं सांगितलं. पण त्याला संगणक हवा, तारेनं जोडलेलं चांगलं इंटरनेट हवं. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी एकच मोबाईल, आणि तोही पोरांच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला. तो नाद सोड.

त्यातून ही व्हिडिओ कॉलची ॲप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं समजून ती तो पुसून टाकतात. तानपुरा त्यात पहिला बळी. झूममध्ये मूळ आवाज तसाच जाऊ देण्याची सोय आहे, ती प्रत्येकाला सुरू करायला लाव. फोनच्या स्पीकरमधून खर्जाचे आवाज तर येतच नाहीत. आपला ढोलकीवाला पहिल्या ऑनलाइन तालमीनंतर मला फोन करून म्हणाला होता, “काका, त्या डबड्यात माझा घुमारा कुठं गेला ओ? नुसतं टिकटिक ऐकू येतंय.” त्यानंतर तो कॉलवर यायचा, पण कॅमेरा बंद ठेवून. तुला वाटलं तो कंटाळला. त्याला वाटत होतं, आपण असून नसून सारखेच. सगळ्यांना तारेचे साधे हेडफोन घ्यायला सांग. ब्लूटूथचे नकोत, त्यांचा स्वतःचा उशीर वर आणखी.

आता करायचं काय? एकदम वाजवायचा हट्ट सोडून दे आणि आळीपाळीनं वाजवा. सवाल-जवाब आपल्या मातीतलाच आहे. एकीनं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, वाजवायचं, दुसऱ्यानं ते ऐकून उत्तर द्यायचं. मधे अर्धा सेकंद गेला तरी काही बिघडत नाही, उलट उत्तर देणारा जरा विचार करतो. दोघं-तिघंच घे एका कॉलवर. क्लॅरिनेट आणि पेटी, दोन व्हायोलिन, ढोलकी आणि तबला. जोड्या दर आठवड्याला बदल. पंधरा-वीस मिनिटं पुरे. हॉलमध्ये चोवीस जण एकदम वाजवत असताना शेजारच्याचं ऐकलं नाही तरी खपून जायचं, आणि आपल्याकडे ते फार खपत होतं. आळीपाळीत खपत नाही. समोरच्यानं काय वाजवलं हे कळलंच नसेल तर उत्तर काय देणार? मला विचारशील तर वाद्यवृंद टिकायचा तो या ऐकण्यावर टिकेल, मग एकत्र वाजवायला सहा महिने उशीर होवो नाहीतर वर्षभर.

जोड्यांना पाठ केलेली धून देऊ नकोस. भूप रागाची पाच सुरांची चौकट दे, नाहीतर नुसता दादरा ताल दे, आणि सोड. पहिल्या दोन-तीन वेळा लाजतील. क्लॅरिनेटवाला तर लाजणारच, त्याची सारी उमर बँडमध्ये दुसऱ्याच्या मागे वाजवण्यात गेली.

ते चौकोनी खिडक्यांचे व्हिडिओ सगळे करतात, तसा आपणही करूया असा तुझा आग्रह आहे. एक कर. एकच. कारण तो जुळवणारा तुझा मित्र रात्र रात्र जागतो, आणि बाकीचे आपापली फाईल पाठवून मोकळे होतात, एकमेकांशी एक शब्द न बोलता. करायचाच असेल तर नीट कर. आधी पेटी आणि तबल्याचा लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी एकच ओळ, एका लयीत रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठव, तो कानात ऐकत प्रत्येकानं आपलं वाजवायचं. लेहऱ्याच्या आधी मोजून चार मात्रा आणि मग एक टाळी. ती टाळी प्रत्येकानं आपल्या रेकॉर्डिंगमध्येही द्यायची. जुळवताना त्या टाळीवर सगळ्या फायली एका रेषेत येतात, डोळ्यांनी अंदाज घेत बसावं लागत नाही.

आणि सूर! मागच्या वेळच्या तुमच्या तुकड्यात सगळा गोंधळ इथं झालाय. प्रत्येकानं मोबाईलच्या ॲपवर सूर लावला, म्हणजे मधला ‘ए’ हा सूर 440 हर्ट्झवर, सेकंदाला 440 कंपनांवर. आपली पेटी मात्र जुनी, ती 444 च्या आसपास बोलते. हॉलमध्ये सगळे पेटीला लावून घ्यायचे, म्हणून कधी कळलं नाही. घरी बसून 440 वर लावलेलं व्हायोलिन आणि 444 ची पेटी एकत्र केली की सेकंदाला चार हेलकावे येतात, वॅव-वॅव-वॅव-वॅव. तू त्याला ‘रेकॉर्डिंग खराब आलंय’ म्हणालीस. रेकॉर्डिंगला काही झालेलं नाही. ज्या वाद्याचा सूर घरी बसून बदलता येत नाही, त्यानं बाकीच्यांना सूर द्यावा, हा नियम धर. पेटीवाल्या बाईंकडून पांढरी एक या पट्टीचा षड्ज (सा) आणि पंचम (प), मिनिटभर लांब, फोनवर रेकॉर्ड करून घे आणि तोच सगळ्यांना पाठव. ॲप बंद.

माणसांचं लिहितो, कारण खरं अवघड ते आहे. ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो टाकणाऱ्यांची काळजी करू नकोस. जो गप्प झालाय त्याला फोन कर. मेसेज नको, फोन. आपल्यात तिघं असे आहेत की ज्यांचं पोट वाजवण्यावर आहे. सलग दोन लग्नसराया बुडाल्या त्यांच्या. पंचवीस माणसांत आणि दोन तासांत लग्न उरकायचं म्हटल्यावर बँड कोण सांगणार? राज्यात बाकी ठिकाणी शटर वर गेली तरी आपल्या जिल्ह्याचे कोरोनाचे आकडे खाली यायला तयार नाहीत, म्हणजे यांचे हात अजून बांधलेलेच. तू बँकेत आहेस, तुझा पगार चालू आहे, म्हणून तुला ‘मजा येत नाही’ हे तालीम सोडण्याचं कारण वाटतं. त्यांच्याकडे दुसरीच कारणं आहेत आणि ती ते ग्रुपवर लिहिणार नाहीत. वर्गणी काढायची तर गाजावाजा न करता काढ, नावं आपल्या दोघांत ठेव. त्याहून बरं म्हणजे काम दे. सोसायट्यांमधल्या मुलांना ढोलकीची ऑनलाइन शिकवणी लावून देता येते का बघ. त्याची फी ठरवताना भीड बाळगू नकोस.

मेंडोलिनवाल्या काकांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, पण ते मधे आहेतच. मे महिन्यात गेले आणि आपल्यातल्या एकालाही जाता आलं नाही. फोटोला हार घातलेला व्हिडिओ करायची घाई करू नकोस. त्यांची जागा लगेच कीबोर्डवर भरूही नकोस. वेगळं काम सांगतो. त्यांचा सगळा भाग त्यांच्या डोक्यात होता, कागदावर एक ओळ नाही. सगळ्यांच्या फोनमध्ये जुन्या कार्यक्रमांचे तुकडे पडून असतील. ते गोळा कर, त्यातून मेंडोलिन कान लावून वेगळं काढ आणि भातखंडे लिपीत, म्हणजे सूर लिहायच्या आपल्या पद्धतीत, उतरवून घे. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या सुराला खाली टिंब, तार म्हणजे वरच्याला वर, कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी, एका मात्रेत बसणाऱ्या सुरांना खाली कंस. तुला शाळेत शिकवलंय मी हे. काही जागी ते काय वाजवत होते हे ऐकू येणार नाही. तिथं रिकामी मात्रा ठेव, आपल्या मनचं भरू नकोस.

हे करताना बाकीच्यांचेही भाग लिहून काढ. आपलं सगळं तोंडी चाललं होतं, रोज भेट होत होती म्हणून चाललं. पंडित रविशंकर 1952 साली आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे पहिले संचालक झाले. अशा वाद्यवृंदात, आपल्या रागसंगीतात इतक्या जणांना एकत्र बांधायचं तर कोणी काय वाजवायचं हे आधी ठरावं लागतं, आणि ठरलेलं कुठंतरी नोंदलेलं असावं लागतं. आपल्या गावात 1883 पासूनची देवल क्लब ही संगीतसंस्था आहे, गायक अल्लादिया खाँसाहेबांचं इतकी वर्षं वास्तव्य होतं, म्हणून कानाचा वारसा थोर. पण वह्यांच्या बाबतीत आपण सगळे आळशी.

पावसाचं आता. नदी हळूहळू चढते आहे. वाद्यं कुणाकडे, कुठल्या मजल्यावर आहेत याची यादी तुझ्याकडे आहे का? नसेल तर आज कर. 2019 ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 43 असताना. त्या वेळी शाहूपुरीतल्या तळमजल्यावरची आपली एक पेटी आणि दोन व्हायोलिन पाण्यात गेली. या वेळी 39 फुटांचा इशारा झाला की तळमजल्यावरचं सगळं वर हलवायचं, 43 ची वाट बघायची नाही. राजारामपुरीतल्या दोन-तीन घरांत आधीच विचारून ठेव. आणि वाद्य भिजलंच तर उन्हात ठेवू नका. लाकूड तडकतं, सरस सुटतो. सावलीत, पंख्याखाली, पेटीचं झाकण काढून. सुरांच्या पितळी पट्ट्या कापडानं टिपायच्या, घासायच्या नाहीत.

न भिजताही या हवेत वाद्यं बिघडतात. तबल्याची पुडी उतरते, पेटीच्या बोटांखालच्या लाकडी पट्ट्या फुगून अडकतात, व्हायोलिनच्या बोचे केस ढिले पडतात. महिन्यातून एक कॉल नुसता यासाठीच ठेव. सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर आपापली पेटारी उघडायची. कुणाच्या पेटाऱ्यात काय निघतं ते बघायला लोक हमखास येतात. मागे एकाच्या व्हायोलिनच्या खोक्यात राळेच्या वडीशेजारी लिमलेटच्या गोळ्या निघाल्या होत्या, मुंग्यांसकट. त्या दिवशी जेवढं हसलो तेवढं कुठल्या तालमीत हसलो नसू.

भेटायची परवानगी मिळाली की पहिल्याच दिवशी कार्यक्रम बसवायला घेऊ नकोस. हात बसलेले नसतील, काहींचा दम गेला असेल. क्लॅरिनेटवाला स्वतः आजारातून उठलाय, त्याला लांब फुंकी लगेच जमणार नाही. ते त्यानं आपणहून सांगायच्या आधी तूच त्याचे लांब सूर कमी करून ठेव.

गणपतीचं विचारलंस. मंडळाला तासाभराचा ऑनलाइन कार्यक्रम हवा आहे आणि ‘तुमचीपण जाहिरात होईल’ असं ते म्हणतात. तास नको. दहा मिनिटांचं एक नीट केलेलं रेकॉर्डिंग देतो म्हण. पैसे आधी ठरव आणि ते वाजवणाऱ्यांत वाट. घासाघीस तुला जमायची नाही. मंडळाशी बोलायला ढोलकीवाल्याला पुढं कर. त्याची त्या पेठेत ओळख आहे, आणि फुकट वाजवा म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते त्याला चांगलं ठाऊक आहे.

तुझा,
काका