वाचकांचे प्रश्न : प्रवेशाच्या पुढची पायरी

प्रश्न : माननीय महोदया, स. न. वि. वि. मी कोल्हापुरात जीवरसायनशास्त्र शिकवते. ग्रामीण, दलित, भटक्या-विमुक्त आणि अल्पसंख्य समाजांतील, तसेच घरातून प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यांचा जैववैद्यकीय संशोधनातील सहभाग वाढावा, यासाठी आमच्या विद्यापीठाने एक कार्यक्रम आखला असून त्याचे नेतृत्व माझ्याकडे सोपवले आहे. पहिल्या वर्षी वीस विद्यार्थी घ्यायचे आहेत. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, प्रवेशात आरक्षण असताना वेगळा कार्यक्रम कशाला, आणि निकष सैल केले तर संशोधनाचा दर्जा घसरेल. सुरुवात कोठून करावी?
— एक सहयोगी प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : सहकाऱ्यांच्या पहिल्या आक्षेपापासूनच सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर सापडले की कार्यक्रमाचा आराखडाही बराचसा सापडतो. आरक्षणाने वर्गातील जागा मिळते. संशोधकाची घडण मात्र वर्गात सुरू होत नाही; ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुटीत, एखाद्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत हातात पिपेट धरण्यापासून सुरू होते, आणि ही जागा बहुतेक वेळा जाहिरात देऊन भरली जात नाही. पत्र कोणाला लिहायचे, त्यात काय लिहायचे, शिफारस कोणाची घ्यायची, हे ज्याच्या घरात किंवा ओळखीत कोणी आधी केलेले असते त्यालाच ठाऊक असते. शिवाय हे काम बहुधा विनावेतन असते. गगनबावड्याहून आलेल्या मुलाला मे महिन्यात मजुरी सोडून कोल्हापुरात बिनपगारी राहणे परवडत नाही, आणि नेमके त्याच महिन्यात वसतिगृह रिकामे करायला सांगतात. दोन वर्षांनी पीएच.डी.च्या मुलाखतीत त्याला प्रयोगशाळेचा अनुभव विचारला जातो, तेव्हा न मिळालेली संधी त्याच्या नावावर कमी गुणवत्ता म्हणून मांडली जाते. ओळखीने चालणारी ही वाट नियमाने चालती करणे, हेच आपल्या कार्यक्रमाचे काम आहे.

ज्या शहरात आपण हे करणार आहात, तेथे या विचाराला सव्वाशे वर्षांचा आधार आहे. राजर्षी शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा आदेश, ज्याने संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, सर्वांना माहीत असतो. त्याच्या आदल्या वर्षीच, म्हणजे 1901 मध्ये, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झाली होती, याकडे मात्र कमी लक्ष जाते. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जागा राखली तरी तेथवर पोहोचणाऱ्या मुलाने रात्री राहायचे कोठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न महाराजांनी स्वतःचा मानला होता. म्हणून माझा आग्रह असा की अंदाजपत्रकात उपकरणांच्या आधी विद्यावेतन आणि सुटीतील निवास यांची तरतूद करावी.

विद्यावेतनाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण येथे मी स्वतः चुकले आहे. मी ज्या विभागात असा उपक्रम चालवला, तेथे रक्कम मंजूर होती, विद्यार्थी निवडलेले होते आणि पहिला हप्ता सात महिन्यांनी आला. त्या सात महिन्यांत दोघे गेले. त्यांपैकी एक मुलगी पेशीसंवर्धनाच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या, कामात इतकी काटेकोर होती की तिने हाताळलेल्या फ्लास्कमध्ये बुरशी आल्याचे मला आठवत नाही. ती तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरीला लागली. मी तिला थांबवू शकले नाही, कारण थांब म्हणण्याचा अधिकार मला उरला नव्हता. रक्कम थोडी कमी असली तरी चालेल, पण ती प्रत्येक महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळाली पाहिजे, आणि अनुदान येईपर्यंत विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून ती द्यावी अशी लेखी मान्यता आपण कार्यक्रम जाहीर होण्यापूर्वीच घ्यावी. नंतर मागितलेली मान्यता फाइलमध्ये अडकते.

आता दर्जाचा प्रश्न. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण करूनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, आणि पुढे दिला तो अटींवर. त्याच कमलाबाईंनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या, आणि परत येऊन त्यांनी कडधान्यांतील प्रथिनांवर व नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले. दर्जाचा निवाडा करणारा माणूस कितीही मोठा असला तरी त्याची नजर अपुरी पडू शकते, हे सहकाऱ्यांसमोर शांतपणे मांडावे.

निकष सैल करू नयेत, ते बदलावेत. इंग्रजीतील दहा मिनिटांच्या मुलाखतीऐवजी उमेदवारांना तीन दिवस प्रयोगशाळेत बोलवावे, एक साधा प्रयोग मराठीतून समजावून द्यावा आणि तो फसल्यावर ते काय करतात ते पाहावे. नोंदवही कशी लिहिली, चूक लपवली की नोंदवली, यावरून जे कळते ते गुणपत्रिकेवरून कळत नाही. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी येथील शाखेत 1988 मध्ये विज्ञान-संशोधक घडवण्यासाठी मायरहॉफ कार्यक्रम स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी 19 कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. आज तो सर्वांसाठी खुला आहे. त्याची बांधणी कच्च्या विद्यार्थ्यांच्या शिकवणीसारखी नव्हती. पहिले वर्ष सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात मुले एकत्र राहत, गटाने अभ्यास करत, लवकर प्रयोगशाळेत जात, आणि त्यांच्याकडून उच्च यशाचीच अपेक्षा केली जात असे. कोविडवरील मॉडर्ना लशीच्या घडणीत महत्त्वाचा वाटा असलेल्या किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून आल्या. आपले वीस जणही एकेकटे विखरू देऊ नका. एका प्रयोगशाळेत किमान दोघे ठेवा.

यात लाभ विद्यार्थ्यांचा आहेच, पण विज्ञानाचाही आहे. ज्या समाजांतील माणसे संशोधनात नसतात, त्यांचे प्रश्न उशिरा विचारले जातात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भारतातील पहिली नोंद 1952 मध्ये नीलगिरीतील आदिवासींमध्ये झाली आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम थेट 2023 मध्ये सुरू झाली. कोविडकाळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर घ्या. रक्तातील ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याचे हे यंत्र गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट वेळा चुकवते, हे अमेरिकेतील एका अभ्यासात 2020 मध्ये समोर आले. ते यंत्र त्याआधी कित्येक वर्षे वापरात होते. इचलकरंजीच्या यंत्रमागावर कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेल्या वडिलांचा खोकला जिने रात्रभर ऐकला आहे, किंवा ज्याचा भाऊ शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यांपाशी उभा असतो, ते विद्यार्थी फुप्फुसांच्या आजारांविषयी जे विचारतील ते आपल्याला किंवा मला सुचणार नाही. त्यांना तसे विचारण्याची मुभा असावी. मार्गदर्शकाचा जुना विषय पुढे रेटण्यासाठी मिळालेले जादा हात म्हणून त्यांची गणना होऊ नये.

मार्गदर्शक निवडताना एवढेच पाहावे की ते आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यासोबत तासभर बसतात का. नावाजलेले पण सतत प्रवासात असलेले मार्गदर्शक या कामासाठी उपयोगाचे नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी एम.एस्सी. (सूक्ष्मजीवशास्त्र) झाली असून तिला पीएच.डी. करायची आहे. आमची चंदगड तालुक्यात दोन एकर शेती आहे. आणखी पाच वर्षे घरून पैसे पाठवणे आम्हाला जमणार नाही, आणि तिचे शिक्षण मराठीतून झाल्याने इंग्रजीचीही तिला भीती वाटते. तिला होकार द्यावा का?
— एक पालक, चंदगड

उत्तर : द्यावा, मात्र विद्यावेतनाची सोय पाहून. सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) या केंद्रीय संस्थेची नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह उत्तीर्ण झाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. हे दर 1 जानेवारी 2023 पासून लागू आहेत आणि घरभाडे भत्ता वेगळा असतो. त्याशिवाय बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) आणि महाज्योती (इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी) या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. आपण ज्या प्रवर्गात येता त्यानुसार योग्य संस्थेची चौकशी करावी. इंग्रजीची भीती संशोधनलेख वाचूनच जाते. रोज एकाच लेखाची एकच आकृती घ्यावी, तिच्यात काय दाखवले आहे ते मराठीत चार ओळींत लिहावे आणि मग तेच इंग्रजीत लिहून पाहावे. सहा महिन्यांत तिला स्वतःलाच फरक जाणवेल. मार्गदर्शकांना भेटायला जाताना आपण तिच्यासोबत जरूर जा, पण बोलू तिलाच द्या, आणि तिने त्यांना एक गोष्ट अवश्य विचारावी : त्यांच्याकडील याआधीच्या विद्यार्थ्यांनी पीएच.डी. किती वर्षांत पूर्ण केली आणि सध्या ते कोठे आहेत.