‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त दाखवलंय तितकं हसतखेळत खरंच सगळं घडलं होतं का?

घडलं बहुतेक तसंच. हसतखेळत घडलं का, हा वेगळा प्रश्न, आणि तुमची शंका रास्त आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा आपल्याकडचा पहिला कथापट करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांची ही गोष्ट: घरातलं सामान विकलं जातंय, लोक वेड्यात काढतायत, तरी पडद्यावर कोणी कपाळाला हात लावून बसत नाही.

घटनांचं आधी उरकतो. दिग्दर्शक परेश मोकाशींनी बापू वाटव्यांनी लिहिलेलं फाळक्यांचं चरित्र वाचलं आणि त्यातून हा चित्रपट उभा केला, त्यामुळे कण्याला धक्का नाही. १९११ च्या ईस्टरला गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून फाळक्यांच्या डोक्यात आपल्या देवादिकांचे चित्रपट शिरले, हे खरं. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना तिथले चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओचा रस्ता दाखवला, हेही खरं. परत आल्यावर भांडवलवाल्यांना पटवायला त्यांनी वाटाण्याचा वेल वाढतानाचा एक चिमुकला चित्रपट केला. रोज थोडंथोडं चित्रण, असं महिनाभर. मला विचाराल तर त्यांच्या चिकाटीचा याहून चांगला पुरावा नाही. मग दादरच्या बंगल्यात चित्रीकरण, आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर.

आता सुराबद्दल. मोकाशी नाटकवाले, हा त्यांचा पहिलाच चित्रपट, आणि त्यांनी ठरवून वेग प्रहसनाचा ठेवलाय. ते सगळं वरून चिकटवलेलं मात्र नाही. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करायचे, आणि नाव काय घेतलं होतं, तर ‘प्रोफेसर केळफा’! आडनाव उलटं करून रंगमंचावर उभा राहणारा माणूस रडतराऊत नसणार. फाळक्यांची भूमिका करणाऱ्या नंदू माधवांनी हाच माणूस पकडलाय: सतत कशात तरी गुंतलेला आणि समोरच्याला गुंतवणारा.

पण १९१७ च्या सुमारास ‘नवयुग’ मासिकात फाळक्यांनी स्वतः लिहिलेले लेख वाचले की दुसरा माणूस दिसतो. रोज तासन्‌तास चित्रपट पाहणं, रात्री प्रयोग, जेमतेम झोप. या ताणात त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. घरात लहान मुलं, उत्पन्न बंद. चित्रपट हे सगळं सांगतो, पण थांबून बघू देत नाही.

एक प्रसंग तर असा आहे की तो कुठल्याही विनोदात बसत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाच्या भूमिकेत त्यांचा मुलगा भालचंद्र होता. बाहेरगावच्या चित्रीकरणात तो दगडांवर पडला, डोक्यातून रक्त आलं, शुद्ध गेली. लोक म्हणाले, मुंबईला न्या. पुढचं दृश्य मेलेल्या रोहिदासाचंच होतं. फाळक्यांनी बेशुद्ध मुलावर ते चित्रित करून टाकलं. याला जिद्द म्हणायचं की आणखी काही, हे तुम्ही ठरवा. मला बापाचं हे वागणं पटत नाही, आणि हा प्रसंग वाचला की चित्रपटातला तो लाघवी माणूस थोडा दूर जातो.

चित्रपट सर्वांत खरा उतरलाय तो घराच्या बाबतीत. सिनेमात काम करतो म्हणणं तेव्हा लाजिरवाणं होतं, म्हणून माणसांना सांगितलेलं की कोणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ आहे म्हणा. ही नुसती थाप नव्हती, घराचा खरोखर कारखाना झाला होता. कच्ची फिल्म कडेची भोकं न पाडलेली यायची. अंधारात बसून, हाताने यंत्र चालवून ती भोकं पाडायचं काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड पात्रांवर परतवणं, आणि वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक. विभावरी देशपांडेंनी ही बाई ‘त्यागमूर्ती’ न करता कुतूहल असलेली, हुशार बायको म्हणून उभी केलीय, हे मला दिग्दर्शनातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. आपल्याकडे अशा भूमिकेत पदराने डोळे टिपायची फार सवय आहे.

हरिश्चंद्राची राणी तारामती हिच्या भूमिकेसाठीची शोधाशोधही अस्सल. वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिल्यावर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती म्हणून सापडले. मिशी काढायला पुरुष नट तयार नसायचे, कारण बाप जिवंत असताना मिशी काढायची कशी? याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले.

सुरतेचा एक किस्साही सांगितला जातो. तिथे ‘राजा हरिश्चंद्र’कडे प्रेक्षक फिरकेनात, तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली: ५७,००० फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, सगळं तीन आण्यांत. मी गंमत म्हणून हिशेब केला. चित्रपट ३,७०० फूट, फुटाला १६ चौकटी, म्हणजे साधारण ५९,०००. फोटोंचा आकडा जवळपास बरोबर आहे. मैल मात्र पाऊणसुद्धा भरत नाही!

नंतरची पडझड या चित्रपटात नाही: नाशिकच्या कंपनीतले मतभेद, बोलपट आल्यावर मागे पडणं, १९४४ मध्ये नाशिकलाच जवळजवळ विस्मरणात गेलेला मृत्यू. चित्रपट यशापाशी थांबतो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती गोष्ट वेगळ्या चित्रपटाची आहे.

मूळ ‘राजा हरिश्चंद्र’ बघणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की चारांपैकी पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं उरलीत, आणि तीही १९१३ ची नसून फाळक्यांनीच १९१७ ला पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. त्याच सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार होतात यावरही एक छोटा चित्रपट केला होता. त्याचा तुकडा शिल्लक आहे आणि त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. मोकाशींचा चित्रपट पाहून झाला की लगेच तो पाहा.