स्टेशन वॅगन, वाघीण आणि खडखडा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका वाचकांनी विचारले आहे की, जुन्या मोटारींविषयी वाचताना ‘स्टेशन वॅगन’ हा शब्द वारंवार भेटतो. त्यातले स्टेशन कोणते, वॅगन म्हणजे मालगाडीची वाघीणच काय, आणि या शब्दाला ‘स्थानकगाडी’ असा प्रतिशब्द का रूढ करू नये? ‘वॅगन आर हीच स्टेशन वॅगन’ असे त्यांच्या चिरंजीवांनी ठासून सांगितल्यामुळे घरात वाद झाला, असेही त्यांनी कळवले आहे. शिवाय आपल्याकडे ज्या आकाराला लोक ‘डबा’ म्हणून हिणवतात, त्याच गाडीविषयी जगभरचे शौकीन इतक्या आदराने का बोलतात, हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

चिरंजीवांचा मुद्दा आधी निकालात काढतो. वॅगन आर ही उंच बांध्याची आखूड गाडी आहे. नावात वॅगन असली तरी ती स्टेशन वॅगन नव्हे. नेहमीच्या डिकीवाल्या मोटारीचा टप मागच्या टोकापर्यंत सरळ नेला, मागची बैठक आणि डिकी यांमधील आडोसा काढून दोन्हींची एकच खोली केली आणि मागे ट्रकच्या फाळक्यासारखे उघडणारे दार बसवले, म्हणजे स्टेशन वॅगन होते. फाळका हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण जुन्या अमेरिकी वॅगनींचे मागचे दार खरोखरच फाळक्यासारखे खाली पडत असे आणि त्यावर बसून माणसे डबे सोडून जेवत असत.

यातले स्टेशन म्हणजे रेल्वेचेच स्टेशन. अमेरिकेत आगगाडीने आलेल्या पाहुण्यांना त्यांच्या पेट्यांसह हॉटेलात किंवा गावाबाहेरच्या बंगल्यावर पोचवण्यासाठी घोड्यांच्या गाड्या स्टेशनाबाहेर उभ्या असत, आणि घोडे जाऊन इंजिन आले तरी काम तेच राहिल्यामुळे नावही तेच राहिले. प्रारंभी मोटारीची चौकट कारखान्यातून यायची आणि तिच्यावर सुतार लाकडी सांगाडा चढवत. फोर्डने 1929 मध्ये आपल्या मॉडेल ए या गाडीची स्टेशन वॅगन स्वतःच विकायला काढली, तरी तिचे अंग लाकडीच होते. लाकडाला वरचेवर वॉर्निश लागे, सांधे खिळखिळे होत, पावसात फळ्या फुगत. म्हणून 1946 मध्ये विलीजने पूर्ण पोलादी अंगाची जीप स्टेशन वॅगन काढली. गंमत अशी की, त्या पोलादावरही लाकडी फळ्यांचा आभास होईल असा रंग दिलेला असे. लोकांच्या मनात वॅगन म्हणजे लाकूड हे समीकरण इतके पक्के झाले होते.

आता वाघीण. ‘वॅगन’ हा शब्द मराठीत मोटारीबरोबर नव्हे, तर रेल्वेबरोबर आला. कोल्हापूर–मिरज लोहमार्ग कोल्हापूर संस्थानने बांधला आणि तो 1891 मध्ये सुरू झाला. शाहूपुरीची गुळाची पेठ स्टेशनाच्या अंगाला वाढली. रूळ, हमाल आणि गुळाचे रवे यांच्या सहवासात ‘वॅगन’ उच्चारायला अवघड जाणाऱ्या जिभांनी तिची वाघीण केली. हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. मालगाडीच्या वाघिणी मराठी वर्तमानपत्रांतून सर्वत्र धावल्या आहेत. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात: परका शब्द कानाला ओळखीच्या शब्दासारखा लागला की लोक त्याला ओळखीच्याच शब्दाचे कपडे चढवतात. रिक्रूटचा रंगरूट असाच झाला. तेव्हा मूळ शब्द एकच असला, तरी मराठीत वाघीण म्हणजे फक्त मालगाडीची. मोटारीला वाघीण म्हटले तर ऐकणारा दचकेल.

इंग्लंडात याच गाडीला ‘इस्टेट’ म्हणतात, कारण तिकडे ती स्टेशनापेक्षा सरदारांच्या शेतजमिनीशी जोडली गेली. हाच शब्द 1992 मध्ये टाटांनी आपल्या गाडीला दिला आणि मराठी माणसाची पंचाईत केली, कारण आपल्याकडे इस्टेट म्हणजे जमीनजुमला, आणि बहुधा भावाभावांतला दावा. शिवाजी उद्यमनगरातील एका शेडमध्ये मी एकदा उभा असताना इंडिगो मरीना ही टाटांचीच आणखी एक वॅगन दुरुस्तीला आली होती. म्हाताऱ्या मिस्त्रींनी तिचे मागचे दार वर उचलले, मागची बैठक पाडली, आत ओणवे होऊन विताने लांबी मोजली आणि निकाल दिला, “ही गाडी न्हवं, टपाखालचा टेंपो हाय बघा. धा किलोचं रवं आडवं टाकलं तरी पोराची सायकल वर बसती.” मालक मात्र खट्टू झाले, कारण त्यांना ती मोटार म्हणून मिरवायची होती आणि मिस्त्रींनी तिचे कौतुक टेंपो म्हणून केले. आपल्याकडे या आकाराच्या वाट्याला आलेली उपेक्षा त्या एका वाक्यात आहे. स्वतंत्र डिकी ही आपल्याकडे प्रतिष्ठा मानली गेली, आणि सामान डोळ्यांना दिसणे म्हणजे धंद्याची गाडी असा अर्थ झाला.

वाचकांनी विचारले नसले तरी एका शब्दाकडे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. इंग्रजांचे ‘शूटिंग ब्रेक’ हे या गाडीचे आणखी एक नाव. फ्रेंचांनी तर नुसता ‘ब्रेक’ उचलला आणि सित्रोएन, प्यूजो यांच्या लांब टपाच्या गाड्यांना तेच नाव दिले. हा ब्रेक म्हणजे पायाखालचा नव्हे. नव्या घोड्याला गाडी ओढण्याची सवय लावण्यासाठी जी उघडी, दणकट चौकट जुंपत असत तिला ब्रेक म्हणत; पुढे तिच्यावर बाकडी बसवून शिकारीची माणसे, बंदुका आणि कुत्री नेण्यात येऊ लागली. घोडे वळणावर आणण्याच्या अशा गाडीला आपल्याकडे स्वतंत्र शब्द होता, तो म्हणजे खडखडा. कोल्हापुरात हा शब्द अजून मेलेला नाही, कारण शाहू महाराजांच्या आठवणींत त्यांचा खडखडा पुन्हा पुन्हा भेटतो. शूटिंग ब्रेकला मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर ‘शिकारी खडखडा’ इतका नेमका दुसरा सापडणार नाही, पण मर्सिडीजच्या मालकासमोर तो उच्चारण्याची जबाबदारी मी घेत नाही.

मर्सिडीजचा उल्लेख आलाच आहे, तर शौकिनांच्या आदराविषयी लिहितो. त्या कंपनीने आपली पहिली स्वतःची वॅगन 1977 मध्ये दाखवली, डब्ल्यू 123 या मालिकेत, आणि तिला ‘टी’ हे अक्षर दिले. त्यामागचे दोन जर्मन शब्द पर्यटन आणि वाहतूक या अर्थाचे आहेत. मागे कितीही ओझे लादले तरी गाडीचा मागचा भाग दबू नये म्हणून तेलाच्या दाबाने उंची आपोआप राखणारी योजना तिच्यात होती. व्होल्वो 240 ची कीर्ती निराळी. ती 1974 ते 1993 अशी जवळपास न बदलता निघत राहिली, सर्व प्रकार मिळून 28 लाखांहून अधिक बनली, आणि तिच्या विटेसारख्या चौकोनी आकाराची थट्टा करणाऱ्यांनीच पुढे तिला विश्वासाचे प्रतीक मानले. त्याच व्होल्वोने 1994 मध्ये 850 ही वॅगन ब्रिटनमधील मोटारशर्यतीत उतरवली, तेव्हा बघे हसले. त्याच वर्षी पोर्शच्या साहाय्याने तयार झालेल्या 315 अश्वशक्तीच्या ऑडी आरएस 2 या वॅगनने तर ते हसू बंदच केले. संसाराचे सामान वाहणारी गाडी मनात आणले तर भल्याभल्यांना मागे टाकते, या विसंगतीतच शौकिनांना रस आहे. अमेरिकेत मात्र 1984 च्या सुमारास मिनीव्हॅन आल्या, त्यांच्या मागून एसयूव्ही आल्या, आणि वडिलांच्या पिढीची गाडी म्हणून वॅगन मागे पडली. आज तिची दुर्मिळता हेच तिचे मोल झाले आहे.

राहिला ‘स्थानकगाडी’चा प्रश्न. माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. मूळ शब्दातले स्टेशनच आता इंग्रजी बोलणाऱ्याच्याही ध्यानात राहिलेले नाही, तर आपण त्याचे भाषांतर करून ते कशाला जागे करावे? एसटी स्थानकावरून सुटणारी काहीतरी गाडी, एवढाच अर्थ त्यातून निघेल. वर्णन करायचे तर ‘लांब टपाची गाडी’ म्हणावे, नाव घ्यायचे तर ‘स्टेशन वॅगन’च म्हणावे, आणि लिंग गाडीप्रमाणे स्त्रीलिंगी ठेवावे.

शब्द भाषेत किती मुरला हे पाहायचे असेल तर त्याचे सामान्यरूप होते का ते पाहावे. वाघीण पूर्ण मुरली, म्हणून ‘वाघिणीत गूळ भरला’ असे आपण सहज म्हणतो. वॅगनचे अनेकवचन ‘वॅगनी’ जिभेवर येते, पण एकवचनात ती प्रत्ययापुढे ताठ उभी राहते आणि ‘वॅगनमध्ये’ असेच म्हणावे लागते. इस्टेटीची तर दोन रूपे झाली आहेत. ‘काकांच्या इस्टेटीत तिघे जण आहेत’ असे कोणी म्हणाले तर वकील गाठावा. ‘काकांच्या इस्टेटमध्ये तिघे जण आहेत’ असे म्हणाले तर मागे अजून दोघांना जागा आहे असे समजावे.