पीडितांचे म्हणणे ऐकताना

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

हल्लेखोर अमुक वंशाचा होता असे पीडित सांगू लागला, तर आपण काय करावे, असे तू विचारले आहेस. सर्वप्रथम, ते वाक्य ऐकताना कपाळावर आठी येऊ देऊ नकोस. जो नुकताच मार खाऊन आला आहे, त्याला तेथेच टोकले तर तो पुढचे सारे गिळून टाकतो आणि तपासाला हवे असलेले तपशीलही त्यातच जातात.

मात्र ‘हे तुम्हाला कशावरून वाटले?’ हा प्रश्न शांतपणे विचारायलाच हवा. कातडीचा रंग, कानावर पडलेले दोन शब्द, भुवईवरचा व्रण या पाहिल्या-ऐकल्या गोष्टी झाल्या. ‘म्हणजे तो त्यांच्यातलाच’ हा त्यांवरून काढलेला निष्कर्ष झाला. दोन्ही लिहून घे, पण वेगवेगळे आणि सांगणाऱ्याच्याच शब्दांत.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण आपल्यापेक्षा वेगळ्या वंशाचे चेहरे ओळखताना माणसाची चूक अधिक होते, हे 1969 पासूनच्या अनेक प्रयोगांत दिसले आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात 1984 मध्ये बलात्कार झालेल्या एका गोऱ्या विद्यार्थिनीने हल्लेखोराचा चेहरा प्रयत्नपूर्वक मनात साठवला होता. तरीही छायाचित्रांतून आणि पुढे ओळख परेडमध्ये तिने रोनाल्ड कॉटन या निरपराध कृष्णवर्णीय तरुणाकडे बोट दाखवले. दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर, 1995 मध्ये डीएनए चाचणीमुळे तो सुटला. ती खोटे बोलली नव्हती, हे मात्र कधीही विसरू नकोस. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तर 1999 मध्ये, काही खटल्यांत ज्यूरीला या धोक्याची स्पष्ट सूचना द्यावी, असे ठरवले.

याच्या अगदी उलट वागणारे पीडितही तुला भेटतील. आपल्या बोलण्याचा वापर एखाद्या समाजाविरुद्ध होईल या धास्तीने ते वर्णनच टाळतात, किंवा मूळ घटना सांगण्याआधीच ‘मी त्या लोकांना दोष देत नाही’ असे सांगत बसतात. माझ्या मते यांचे ओझे दुप्पट असते, कारण स्वतःची जखम सांभाळत त्यांना इतरांच्या अब्रूचीही राखण करावी लागते. त्यांना स्पष्ट सांग की वर्णन आरोपीचा शोध घेण्यासाठी हवे आहे, त्याच्या समाजाबद्दलचे मत देण्यासाठी नव्हे.

तपास अधिकाऱ्याकडे मात्र सगळे जसेच्या तसे जाऊ दे. वार्ताहर दारात आला, तर पीडिताला विचारल्याशिवाय त्यातला एक शब्दही बाहेर देऊ नकोस.

तुझा,
एक जुना सहकारी